घाटावरच्या पुड्यांचं तोरण करावं का?

चित्रवेल

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी सांगलीत लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेते. तीनेक वर्षांपूर्वी एका मंडळानं स्वच्छता सप्ताहासाठी बोलावलं. "मॅडम, बाटल्यांचा मोठा मासा करून द्या. नदी वाचवा असा संदेश जाईल, फोटोही चांगले येतील." केला. तारेचा सांगाडा, बाटल्या कापून खवले, डोळ्याच्या जागी डब्याचं झाकण. पोरं आठवडाभर राबली. उद्घाटनाला नारळ, शाल, भाषणं. सप्ताह संपला, मंडळ घरी गेलं, मासा तिथंच राहिला.

सांगलीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एप्रिलपर्यंत खवले पांढुरके पडून कडकायला लागले. मे महिन्यात वळवाचा एक झोडपा आला आणि मासा उघडा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला गेले तर झाडणाऱ्या मावशी गटाराच्या जाळीत अडकलेले खवले एकेक करून उपसत होत्या. ओळखीच्याच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, हे तुमचंच न्हवं का?"

खवल्यांना आम्ही निळा ऑइलपेंट मारला होता. त्यामुळे ते भंगारवाल्यानंही घेतले नाहीत. म्हणजे जो माल निदान भंगारात तरी गेला असता, तो मी पदरचे पैसे घालून, पोरांना राबवून, कुणीच घेणार नाही असा करून ठेवला.

त्यानंतर मी बाटलीला हात लावला नाही.

मध्यंतरी न्यूयॉर्कच्या मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांच्याबद्दल वाचलं. मूल झाल्यावर दिवसभर धुणं, पुसणं, दुपटी यातच जायला लागला, तेव्हा १९६९ मध्ये बाईंनी जाहीरनामाच लिहिला, की हे सांभाळायचं काम हीच माझी कला. पुढे त्या शहराच्या सफाई खात्यात कलाकार म्हणून जाऊन बसल्या, तेही बिनपगारी. १९७९-८० मध्ये ११ महिने सगळं शहर फिरून त्यांनी ८,५०० सफाई कामगारांशी हात मिळवला. प्रत्येकाला एकच वाक्य, शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार. १९८३ मध्ये कचऱ्याच्या एका ट्रकला आरसे लावून तो मिरवणुकीत फिरवला. कचरा बघायला आलेल्याला स्वतःचं तोंड दिसलं. कचऱ्याची 'वस्तू' त्यांनी केलीच नाही, हे मला फार लागलं.

आता माझं म्हणणं. यंदा विसर्जनानंतर माईघाटापासून सरकारी घाटापर्यंत घमेलं घेऊन फिरले. निर्माल्य उचलायला बरेच जण होते, म्हणून मी फक्त चिल्लर वेचली. घमेल्यात निघालं काय? गुटख्याच्या पुड्या, तंबाखू-सुपारीचा मावा बांधायचे ते पारदर्शक प्लास्टिकचे चौकोन आणि रबरं. रबरं तर इतकी की मुठीत मावेनात. घरी धुऊन वाळत घातली तर आईनं तीन दिवस अबोला धरला.

या पुड्यांचं लांबच लांब तोरण करावं असं डोक्यात आहे. रंग नाही, गोंद नाही. प्रत्येक पुडीच्या मागं सापडल्याची तारीख आणि जागा. घाटाच्या पायऱ्यांवर आडवं बांधायचं, ७ दिवसांनी आपणच उतरवायचं. करावं का? की परत माझाच मासा होईल?

कट्ट्यावरचा

नाद खुळा! ताई, पहिलं घंटागाडीला आरसं लावा. आमच्या गल्लीत गाडीचं गाणं वाजलं की सगळी डबा घेऊन पळत्यात, आरसा असला तर भांग पाडून येतील.

आता खरं बोलतो. मावा मीबी खातो. दिवसाला किती ते इथं लिहीत नाही, बायको वाचती. तो चौकोन तळहातावर ठेवून मळायचा, तोंडात टाकायचा आणि प्लास्टिक... हितं अडकलो बघा. अर्धा तास आठवतोय, ते प्लास्टिक मी टाकतो कुठं? आठवंना. हात आपोआप उघडत असणार.

आमराई

धागा चांगला आहे, पण विरोधी मत नोंदवतो.

दिल्लीत २०१९ मध्ये भंगारातून जगातली सात आश्चर्यं उभी केली, सुमारे १५० टन भंगार लागलं म्हणे. लोक तिकीट काढून ताजमहालापाशी फोटो काढतात. यमुनेला त्याचं काय? आपल्याकडे 'टाकाऊतून टिकाऊ' करून करून प्रत्येक घरात आइस्क्रीमच्या काड्यांचं एक घर पडून आहे. त्या घरासाठी नव्या काड्यांचं पाकीट दुकानातून विकत आणलेलं असतं, हे कुणी कबूल करत नाही. आपल्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं यावर आमची हयात बोलण्यात गेली. तिथं तोरण बांधून काय होणार?

राग नसावा, ताई.

चित्रवेल

राग कसला, काड्यांचं पाकीट मीच पोरांना आणायला सांगते. पकडलीत.

दिल्लीच्या बागेबद्दल बरंचसं पटतं. जुनं लोखंड भंगारात गेलंच असतं, त्याला तसाही भाव आहे. पण नेकचंदांचं उदाहरण बघा. चंडीगडमध्ये सरकारी रस्ते निरीक्षक. नवं शहर उभारताना जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशांचे तुकडे सायकलवरून जंगलात नेऊन १९५७ च्या सुमारास गुपचूप मूर्ती घडवायला लागले. जागा सरकारी, बांधकाम बेकायदा. उघडकीला आलं तेव्हा पाडायचीच वेळ होती, पण १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली. तिथं मला दिसतं ते असं, की नव्याकोऱ्या शहराच्या पोटात जुन्या गावांच्या बांगड्या राहिल्या. तो मोडलेल्या गावांचा पुरावाच आहे.

आणि एक कारागिरीचं. त्यांचा माल चिनीमाती, काच, सिमेंट. उन्हापावसात उभा राहतो. प्लास्टिक टिकतं असं आपण म्हणतो, पण ते बारीक तुकडे होऊन टिकतं. माझ्या माशानं शिकवलं.

जुनाबाजार

घरचा धंदा भंगाराचा, दुसरी पिढी. चार गोष्टी लिहितो, उपयोग होईल.

पाण्याची बाटली आम्ही घेतो, पण बूच वेगळं, अंग वेगळं. दोन्हीचं प्लास्टिक निराळं असतं. रंग मारला, फेविकॉल लावला, ग्लू गननं चिकटवलं की माल मेला. ताईंच्या खवल्यांचं तेच झालं. शाळांच्या प्रदर्शनानंतर दरवर्षी हा मेलेला माल येतो आणि मी परत पाठवतो. मास्तर लोक रागावतात.

दुधाची पिशवी धुऊन आणली तर चालते. फक्त कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो तुटलेला त्रिकोण कुठल्याच पोत्यात येत नाही, थेट गटारात.

वेफर, बिस्किट, भडंग, शाम्पू, गुटखा, सगळी चकचकीत पाकिटं घेत नाही. एकावर एक वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, ते आम्हाला सोडवता येत नाहीत. थर्माकोल टेम्पोभर आणलात तरी काट्यावर काही भरत नाही.

म्हणजे ताईंनी वेचलंय ते बरोबर वेचलंय. कचरावेचक बाया बाटली घाटावर ठेवतच नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी गायब. मागं उरतं ते ज्याला बाजारच नाही. मासा करायचाच असता तर बाटलीचा नाही, पाकिटांचा करायला हवा होता. पण तो फोटोत चांगला दिसला नसता.

आणखी एक. तासगावकडून द्राक्षबागेच्या औषधांच्या बाटल्या, डबे येतात. चांगले रंगीत असतात म्हणून कुणी पोरांच्या हातात देऊ नका. धुतलं तरी नको.

कलमबहाद्दर

जुनाबाजार, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

कायद्याचं थोडं. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. त्याच्याही आधी, २०११ च्या प्लास्टिक कचरा नियमांत गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत भरायला आणि विकायला देशभर मनाई झाली. २०१६ च्या नियमांत ती कायम आहे. त्यामुळे घाटावर सापडलेली गुटख्याची पुडी ही कागदोपत्री अस्तित्वातच नसलेली वस्तू आहे. आतला मालही बंद, आणि वेष्टन प्लास्टिकचं असेल तर तेही बंद.

ताई, तुमच्या तोरणाचं वजन इथं आहे. बाटली सापडली तर टाकणाऱ्याला नावं ठेवता येतात. पुडी सापडली तर ती आली कुठून हाही प्रश्न उभा राहतो. म्हणून तारीख आणि जागा लिहाच. जमलं तर पुडीवरची छपाईची तारीखही टिपा. २०१२ नंतरची असेल तर मग बोलायलाच नको.

चित्रवेल

कलमबहाद्दर, अंगावर काटा आला. छपाईची तारीख मी बघितलीच नव्हती.

आत्ता घमेलं समोर घेऊन बसले. बऱ्याच पुड्यांवर तारखेची ओळ चिरण्याच्या जागेवरच आहे, फाडताना अर्धी गेलेली. काही बाहेरून कागदी वाटतात, पण रात्रभर भिजवल्यावर आतला चंदेरी पापुद्रा कांद्याच्या पातीसारखा सुटून आला. तो वाळवून वहीत ठेवलाय. फुंकर मारली की उडतो, ओढला की तुटत नाही. मळभ आलेल्या दिवशी खिडकीशी धरला तर पलीकडचं काही दिसत नाही, नुसता स्वतःचा चेहरा, तोही अस्पष्ट.

घंटागाडीला आरसे लावायचे राहू देत, इथं आरसा आधीच होता.

मिरजेचा तंबोरा

शिवणार कसं ते सांगा. दोऱ्यात ओवलं तर पुडी फाटणार, चिकटवायचं तर भंगारशेठ रागावणार.

घानाचे एल अनात्सुई म्हणून शिल्पकार आहेत, आयुष्याचं बरंच काम नायजेरियात केलं. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची बुचं चपटी करतात, दुमडतात, भोकं पाडून तांब्याच्या तारेनं एकमेकांत गुंफतात. हजारो बुचांची भिंतभर चादर होते, लांबून जरीकाठी वस्त्र वाटावं अशी. २०१५ मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सोनेरी सिंह मिळाला. बुचंच का, तर युरोपातली दारू आफ्रिकेत आली ती व्यापारातून, आणि त्याच व्यापारात माणसंही विकली गेली. बुचात तो सगळा इतिहास आहे.

मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे त्या चादरीला ठरलेला आकारच नाही. घडी घालून पेटीतून जाते, नव्या भिंतीवर नव्या चुण्या पडतात. तुमच्या तोरणालाही तसंच करा. कायमचं कुठं ठोकू नका. बारीक तांब्याची तार मी देतो. आमच्याकडे तारेला तोटा नाही, फक्त सूर लावून मागू नका.

कंदीपेढा

साताऱ्याहून हजेरी. महाबळेश्वर, वाई, कराड करत आमचं सगळं तुमच्याकडेच येतं, तेव्हा तोरणात आमचाही वाटा धरावा. तुमचं पुढं नरसोबाच्या वाडीला जातं. तिथं भाविक ओंजळीत घेऊन आचमन करतात. यावर जास्त लिहीत नाही.

अवांतर: २०१९ च्या पुरानंतर मदतीला आम्ही काही जण सांगलीत आलो होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७.५ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळीच ४५. पाणी उतरल्यावर हरिपूरच्या बाजूला बाभळी बघितल्या. ठरावीक उंचीपर्यंत फांद्याफांद्यांवर पिशव्या, चिंध्या, पोत्यांचे तुकडे, आणि त्याच्या वर एकदम हिरवं झाड. कुणी फूटपट्टी धरून रेघ ओढावी तसं. पूर कुठवर आला होता ते भिंतीवरच्या खुणेपेक्षा त्या बाभळीनं नीट सांगितलं. ते तोरण आपणच बांधलेलं, न ठरवता.

दुसरी पाळी

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो.

माझी आई झाडू मारायच्या कामावर होती, ठेकेदाराकडे. आता गुडघ्यांमुळे घरी असती. ताईंचा धागा तिला वाचून दाखवला. आभार मानणाऱ्या न्यूयॉर्कच्या बाईंचं ऐकून हसली. म्हणाली, "हात मिळवायला आल्या तर मी हात मागं घेतला असता. घाण असतोय, त्यांचा खराब होईल म्हणून." मग जरा वेळानं म्हणाली, "हातमोजं आणलं असतील तर मिळवला असता."

तिच्या काळात मोजे मिळायचे ते पुरुषांच्या मापाचे. बायका ते काढून ठेवायच्या आणि मुकादमाची गाडी दिसली की चढवायच्या.

तोरणाबद्दल तिचं एकच म्हणणं. ७ दिवस घाटावर बांधलं तर पहिल्याच पहाटे झाडणारी बाई ते काढून टाकणार. तिला कुणी सांगितलेलंच नसणार की ही कला आहे. नाही काढलं तर तिला बोलणी, काढलं तर तुम्ही नाराज. दोन्हीकडून तीच.

वाईट वाटून घेऊ नका.

आमराई

दुसरी पाळी, तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा. माझा विरोध मी मागे घेतलेला नाही, पण मी शेरीनाला शेरीनाला करत बसलो आणि मोज्याच्या मापाचा विचार कधी मनात आला नाही.

चित्रवेल

वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं. माशाच्या वेळी खवले मावशींनी उपसले आणि मी परत तेच करायला निघाले होते, फक्त यावेळी तांब्याची तार लावून.

बेत बदलला. तोरण कुठंच बांधायचं नाही. पतंगाच्या फिरकीसारखी मोठी फिरकी करायची, त्यावर गुंडाळायचं. रविवारी सकाळी माणसांनी हातात धरून उभं राहायचं, तासाभरानं गुंडाळून घरी. मागं काही उरायचं नाही.

आणि जागा? पुडी जिथं सापडली तिथंच का उभं राहायचं? जिथं विकली जाते तिथून सुरुवात करावी, घाटाच्या दिशेनं पोचेल तिथपर्यंत. कमी पडलं तर पुढच्या महिन्यात आणखी वेचू. मात्र टपरीवाल्याचं नाव, टपरीचा फोटो कुठंही टाकायचा नाही, हे आत्ताच सांगते. तो साखळीतला सगळ्यात छोटा माणूस आहे.

मोजे लहान मापाचे बघून आलेय. वर्गातल्या एका पालकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, ते खरेदीच्या भावात देतो म्हणाले.

कट्ट्यावरचा

एक टोक मी धरतो. आमच्याच टपरीसमोर. टपरीवाला दोस्त हाय, त्याला आधी विचारतो, नायतर उधारी बंद व्हायची.

कलमबहाद्दर

रस्त्यावर उभं राहण्याआधी पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज देऊन पोच घ्या. वाहतुकीला अडथळा नको, फूटपाथवरच थांबा. मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

चित्रवेल

वृत्तांत, थोडक्यात. बोटं दुखताहेत.

अकरा जण आले. त्यात वर्गातली चार पोरं, मिरजेचे तंबोरेवाले तारेचं रीळ घेऊन, आणि आमराई काका. काका धरणार नाही म्हणून सांगत आले होते. दहा मिनिटं लांब उभे राहिले, मग मधे झोळ पडत होता म्हणून येऊन धरलं.

तोरण टपरीपासून जेमतेम कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत पोचलं. घाट तिथून बराच लांब. मला ते तोकडं दिसलं याची लाज वाटली, पण तंबोरेवाले म्हणाले की गुंफायचं अजून अर्धं पोतं बाकी आहे. सायकलवरचा एक शाळकरी मुलगा थांबला आणि एकेक पुडी उलटी करून मागची तारीख, जागा वाचत शेवटपर्यंत गेला. मोठी माणसं लांबून वाचल्यासारखं करून पुढं जात होती. एका गृहस्थांनी विचारलं, "कुठल्या पक्षाचं?"

दुसरी पाळी यांच्या आई रिक्षानं आल्या होत्या. खुर्ची दिली, बसल्या नाहीत. सोबत दोन चालू कामावरच्या मावशी होत्या, त्यातल्या एक माझ्या माशावाल्या. मोजे घालून बघितले. माशावाल्या मावशी बोटं उघडमीट करत म्हणाल्या, "अंगठा जरा ढिला हाय, पण चालंल."

जुनाबाजार, एक प्रश्न. रबरांचं काय करू? डबा भरलाय.

जुनाबाजार

रबर आम्ही घेत नाही, ताई.

कट्ट्यावरचा

टपरीवाल्याला विचारलं. म्हणतोय धुऊन, उकळून दिली तर परत घेतो, त्याचा खर्च वाचतो. आणून देऊ का?

दुसरी पाळी

अरे मर्दा, गटारातली रबरं ती. उद्या तुझ्याच माव्याला लागणार.

कट्ट्यावरचा

आयला. थांबा थांबा, नको.